स्कॉटिश मास्तर आणि पाद्री: इंग्रजी शब्दकोड्यात या चुका टाळा

इंग्रजी शब्दकोड्यात ‘जुना स्कॉटिश शिक्षक, सात अक्षरं’ असा क्ल्यू आला, तर उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: डॉमिनी. कोडी सोडवणाऱ्यांना हा शब्द ऐकून माहीत असतो, तरी घोटाळा होतो. कुणाचं स्पेलिंग चुकतं, तर कुणी देश किंवा चर्च चुकतं.

आधी स्पेलिंग. डी-ओ-एम-आय-एन-आय-ई. सगळी गडबड सहाव्या अक्षरात होते. तिथे आयऐवजी ई लिहिला की डच पाद्रीचा शब्द तयार होतो, आणि तोही नेमका सात अक्षरांचाच! चौकटीत व्यवस्थित बसतो, म्हणून चूक लवकर सापडत नाही. उभा शब्द मात्र काही केल्या जुळत नाही. तेव्हा सहाव्या अक्षरावरून जाणारा शब्द सुटेपर्यंत ते घर पेन्सिलनेच भरा. क्रिप्टिक कोड्यात, म्हणजे क्ल्यूमधल्या तुकड्यांतून शब्द जुळवायच्या कोड्यात, काम सोपं होतं. समजा क्ल्यूमध्ये पार्टी, छोटी गाडी आणि पूर्व दिशा आहे. पार्टी म्हणजे ‘डू’, म्हणजे डी-ओ, गाडी ‘मिनी’, पूर्वेचा ई. तीन तुकडे जोडले की स्पेलिंगची खात्रीही होते.

दुसरी चूक म्हणजे क्ल्यूमध्ये पाद्री दिसला की डॉमिनी बाद करणं. न्यूयॉर्क 1664पर्यंत डचांकडे होतं, आणि तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या पाद्र्याला अमेरिकेत डॉमिनी म्हणत आले. म्हणून क्ल्यू स्कॉटलंडकडे बोट दाखवत असेल तर मास्तर, अमेरिकेकडे दाखवत असेल तर पाद्री. स्कॉटलंडची खूण नेहमी उघड नसते. ‘पर्थमधला’, ‘एअरमधला’ असं नुसतं तिथल्या ठिकाणाचं नाव लिहिलेलं असतं, आणि घाईत आपण ते वगळून पुढे जातो.

स्कॉटलंडमध्येही या दोन पेशांचं नातं जवळचं होतं. 1696च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, शाळा आणि मास्तर असणं बंधनकारक झालं. पगाराचा भार जमीनदारांवर आणि देखरेख चर्चची. धर्मशिक्षण घेऊन पाद्रीपद न मिळालेले कितीतरी जण याच शाळांवर लागत. त्यांना ‘स्टिकिट मिनिस्टर’ म्हणत. हा ‘स्टिकिट’ म्हणजे मध्येच अडकलेला. चिकाटीचा असा अर्थ लावलात तर क्ल्यू उलटाच लागेल. वॉल्टर स्कॉटच्या 1815 सालच्या ‘गाय मॅनरिंग’मधला डॉमिनी सॅम्पसन असाच आहे: प्रवचनाला उभा राहिला, तोंडून शब्द फुटेना, मग मास्तरकी पत्करली. माझ्या मते हा शब्द पक्का लक्षात राहायला हे एक पात्र पुरेसं आहे. पाद्री आणि शिक्षक एकाच माणसात पाहायचे तर आपल्याकडे जॉन विल्सन आहेत. हे स्कॉटिश मिशनरी 1829मध्ये मुंबईला आले आणि त्यांनी 1832मध्ये सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभं राहिलं.

‘स्कॉटिश पाद्री’ वाचून थेट ‘व्हिकर’ किंवा ‘बिशप’ लिहू नका. चर्च ऑफ स्कॉटलंड प्रेस्बिटेरियन आहे. तिथे बिशप नसतात, पाद्र्याला मिनिस्टर म्हणतात. त्याचं घर ‘मॅन्स’, पाच अक्षरं. चर्च म्हणजे ‘कर्क’, चार अक्षरं. ‘रेक्टर’ मात्र खरा फसवा. इंग्लंडमध्ये तो पॅरिशचा पाद्री, तर स्कॉटलंडच्या काही शाळांत मुख्याध्यापक. सहा अक्षरं आणि ‘स्कॉटिश हेड’ असं दिसलं की आधी तोच लावून पाहा.

‘डक्स’ला शिक्षक समजू नका, तो शाळेतला पहिल्या नंबरचा विद्यार्थी. आणि शिक्षेचा चामडी पट्टा ‘टॉज’, पाच अक्षरं, शेवटी ई. फाइफमधल्या लोखगेलीचे पट्टे इतके प्रसिद्ध होते की पट्ट्यालाच गावाचं नाव पडलं. नऊ अक्षरं हवी असतील तर तेही लावून पाहा.