कांद्याच्या गाडीचा कार्बन: लासलगाव ते घोजाडांगा, या चुका टाळा

लासलगाव-पिंपळगावच्या खळ्यावर कांदा भरलेली बारा टायरची गाडी नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत पश्चिम बंगालमधल्या घोजाडांगा इथे बांगलादेशच्या सीमेवर पोचते, तोवर तिने सुमारे १,९०० किलोमीटर कापलेले असतात. या फेरीचा कार्बन कमी करायची इच्छा असलेले निर्यातदार आता बरेच आहेत, आणि बेमोसमी पाऊस नि गारपीट झेलणाऱ्या नाशिक जिल्ह्यात ती असायलाच हवी. पण त्यांचा पहिला प्रश्न हमखास एकच असतो: गाडी कुठली घ्यावी, इलेक्ट्रिक की एलएनजीवरची (द्रवरूप नैसर्गिक वायूची)? दारात उभ्या असलेल्या डिझेल गाडीचाच एक तृतीयांशाहून जास्त कार्बन वाचू शकतो, तिकडे आधी बघा.

हिशेब जातानाचाच धरणं

ही चूक सगळ्यात मोठी, आणि जाणते लोकही करतात. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. २५ टन माल आणि भरलेल्या गाडीला लिटरमागे ४ किलोमीटरचं ॲव्हरेज धरलं तर जाताना ४७५ लिटर लागतात, म्हणजे १,२७३ किलो. टनामागे ५१ किलो. इथे वही मिटली जाते.

गाडी परत कशी आली? रिकामी आली असेल तर ६ च्या ॲव्हरेजने आणखी ३१७ लिटर, म्हणजे ८४९ किलो जळले. ते त्याच २५ टनांवर पडतात आणि टनामागचा आकडा ८५ होतो. 'परतीची फेरी ट्रान्सपोर्टरची, आमची नाही' हे उत्तर चालत नाही. मालवाहतुकीचा कार्बन मोजण्याचं २०२३ चं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १४०८३, रिकामी फेरी धरायलाच सांगतं. शिवाय डिझेल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा कार्बनही धरायला सांगतं, त्याने आकडा आणखी पाचव्या हिश्श्याच्या आसपास चढतो.

उपाय परतीच्या भाड्यात आहे. घोजाडांग्याहून खरगपूरपर्यंतचे सुमारे २०० किलोमीटरच गाडी रिकामी आली आणि तिथून लोखंड किंवा ज्यूटच्या गोण्या भरून महाराष्ट्राकडे निघाली, तर कांद्याच्या वाट्याला रिकाम्या फेरीचे फक्त ९० किलोच्या आसपास येतात. टनामागे ८५ चे ५४ किलो झाले, आणि गाडीचा एक नटही बदलावा लागला नाही.

परतीचं भाडं शोधायला माल उतरल्यावर बसू नका. गाडी जाताना रायपूर ओलांडते त्या दिवशी कोलकाता, खरगपूर आणि जमशेदपूरच्या ब्रोकरांना फोन गेले पाहिजेत. नवे मालक एक दिवस थांबायला तयार नसतात, 'रिकामीच काढ, इथे पुढचा माल पडलाय' म्हणतात. बंद इंजिनाची उभी गाडी डिझेल खात नाही, खरगपूरहून रिकामी धावणारी गाडी २८० लिटरच्या वर खाते. दीड-दोन दिवस थांबवा आणि ड्रायव्हरला त्या दिवसांचा भत्ता द्या. भत्ता न देता थांबायला सांगणारा मालक गाडी रिकामी परत येण्याला स्वतः जबाबदार असतो.

कागद पुरे नसताना गाडी भरणं

१४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने कांदा निर्यातीवर एकाएकी बंदी घातली. घोजाडांगा, महदीपूर, पेट्रापोल, हिली या सीमांवर भरलेल्या गाड्यांच्या रांगा तशाच अडकल्या. काही दिवसांनी, ज्या मालाची कस्टमची कागदपत्रं बंदीआधी पुरी झाली होती त्याला वाट मिळाली. तोवर बंद ताडपत्रीखाली कांदा तापून पाणी सुटलं होतं आणि कित्येक गाड्यांतला माल फेकावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तसंच झालं.

बंदी कोणाच्या हातात नाही, हे खरं. पण त्या रांगेत 'आधी जागा धरू, कागद मागून येतील' म्हणून पाठवलेल्या गाड्याही असतात. बंदी नसतानाही अशा गाड्या सीमेवर आठवडाभर पडून राहतात. नासलेल्या मालाचा कार्बन कोणी मोजत नाही, पण तो असतो: २५ टनांतले ५ टन सडले तर तेच २,१२२ किलो २० टनांवर पडतात आणि टनामागचे ८५ थेट १०६ होतात. शेतातली खतं, पाण्याचे पंप, कांदा साठवायच्या चाळीतली मेहनत वाया गेली ती वेगळीच.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी आयातदाराचा आयात परवाना आणि बँकेचं एलसी (पैसे देण्याची हमी), मग शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद), फायटोसॅनिटरी म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याच्या प्रमाणपत्राची तारीख, आणि पश्चिम बंगाल सरकारच्या 'सुविधा' पोर्टलवरचा स्लॉट, म्हणजे गाडीने सीमा ओलांडायची ठरलेली वेळ. स्लॉटच्या तारखेतून प्रवासाचे पाच दिवस वजा करा, त्या दिवशी गाडी भरा. त्याआधी कांदा चाळीतच बरा, तिथे हवा खेळते. भरतानाही पाती ओली किंवा मान जाड असलेला माल वेगळा काढा, कारण एक ओली गोणी शेजारच्या चार नासवते.

गरम टायरची हवा सोडणं

एप्रिल-मेमध्ये विदर्भातून जाताना ड्रायव्हर दुपारी ढाब्यावर थांबतो, गेज लावतो, हवेचा दाब १२२ पीएसआय बघून घाबरतो आणि हवा सोडून ११० वर आणतो. त्याचा हेतू चांगला आहे, पण टायर बिघडलेलं नव्हतंच. थंड असताना ११० भरलेली हवा आतून तीसेक अंश तापली की १२० च्या पुढे जातेच, आणि टायर बनवणाऱ्याने ते धरलेलं असतं. तापलेल्या टायरातून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी पहाटे तेच टायर ९९ च्या आसपास भरतं. मग ते जास्त दबतं, जास्त तापतं, दुपारी पुन्हा दाब वाढलेला दिसतो आणि पुन्हा हवा सोडली जाते. रायपूरच्या आसपास टायर फुटलं की दोष रस्त्याला दिला जातो.

हवा दहा टक्के कमी असेल तर डिझेल अर्धा ते एक टक्का जास्त लागतं. थोडंच आहे, पण ते प्रत्येक किलोमीटरला लागतं, आणि फुटलेल्या टायरामुळे कांद्याची गाडी उन्हात अर्धा दिवस उभी राहते. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. दाब टायर कंपनीच्या तक्त्यात एक्सलवरच्या वजनाप्रमाणे बघा, शेजारच्या गाडीचं बघून भरू नका. टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावर हवा ओळखण्याची सवय सोडा: ११० आणि ९० चा आवाज सारखाच येतो. जोडचाकातल्या आतल्या टायराकडे हात पोचत नाही म्हणून ते महिनोन्‌महिने तपासलं जात नाही. त्याला व्हॉल्व्हची लांब नळी बसवा. जोडीतलं एक टायर कमी भरलेलं असेल तर दुसरं सगळं ओझं घेतं आणि पहिलं नुसतं घासत जातं.

बाकीच्या, थोडक्यात

धूर दिसत नाही म्हणजे कार्बन नाही, असं समजू नका. पीयूसी धूर तपासते, कार्बन डायऑक्साइड नाही.

बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करायला लागणारा युरिया वाचवायला एमुलेटर (युरिया पडतोय असं गाडीला भासवणारं यंत्र) बसवणं हा आडमार्ग आहे. त्याने कार्बन तसूभरही कमी होत नाही, वर नायट्रोजन ऑक्साइड सरळ हवेत जातं. युरियात पाणी मिसळणारेही याच रांगेतले.

ॲव्हरेज वाढवणाऱ्या औषधाच्या बाटल्या घेऊ नका. तेवढ्या पैशात एअर फिल्टर बदला.

'जास्त भरलं की टनामागे कार्बन कमी' म्हणून ओव्हरलोड करू नका. वजनकाट्यावर गाडी पकडली की जादा माल दुसऱ्या गाडीत जातो, आणि तिलाही डिझेल लागतं.

वेग ६० ते ६५ ठेवा. ताडपत्री पुढून आणि बाजूंनी घट्ट आवळा, फडफडणारी ताडपत्री वारा अडवते. पण मागची बाजू जाळीचीच राहू द्या, धान्यासारखा कांदा झाकला तर तो उबतो.

सीमेच्या रांगेत पंख्यासाठी इंजिन चालू ठेवतो म्हणून ड्रायव्हरला ओरडू नका. त्याला बॅटरीवरचा पंखा द्या, सावलीतल्या पार्किंगचे पैसे द्या.

रेल्वेचा आकडा शून्य लिहू नका. मे २०२० मध्ये नाशिक भागातून कांद्याच्या मालगाड्या बांगलादेशातल्या दर्शनाला गेल्या होत्या, आणि जिथे पूर्ण रेकचा (अख्ख्या मालगाडीचा) माल जमतो तिथे रेल्वे ट्रकपेक्षा नक्कीच सरस आहे. पण इंजिनाची वीज मुख्यतः कोळशाची आहे, देशाच्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन पडतो. खळ्यापासून स्टेशनापर्यंतचा ट्रकही त्यात मिळवा.

आणि शून्य रेषेवर, म्हणजे सीमेवर, हिशेब थांबवू नका. आपली गाडी पलीकडे बांगलादेशातल्या भोमरा या जमिनीवरच्या बंदराच्या आवारात माल उतरवते आणि तिथून बांगलादेशी ट्रक तो ढाक्याला नेतो. पद्मा नदीवरचा पूल जून २०२२ मध्ये खुला झाल्यापासून त्या वाटेवर फेरीबोटीच्या घाटाची रांग टाळता येते, म्हणून जुने आकडे वापरू नका. आयातदाराकडून चलनावरचे टन, किलोमीटर आणि वाट कोणती ते मागवा. डिझेलचा आकडा मिळाला नाही तर अंदाज धरा, आणि त्या ओळीपुढे 'अंदाज' असं स्पष्ट लिहा.