५ किमीवरून १० किमीवर जायचंय आणि पेसही सुधारायचाय? मग आधी हळू पळायला लागा

न थांबता ५ किमी पळता यायला लागलं की लगेच दोन प्रश्न येतात, १० कसे होणार आणि स्पीड कसा वाढणार. हे लिहितोय ते अशाच लोकांसाठी, म्हणजे ज्यांचे ५ किमी साधारण ३५ मिनिटांत होतात आणि नोकरी-घर सांभाळून आठवड्यात चार सकाळी कशाबशा मिळतात. अगदीच नवीन असाल तर एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला असं करत आधी ५ पर्यंत या. आणि बीपी, शुगर, हार्टचा काही त्रास असेल किंवा घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आधी रोजचा रन हळू करा

बहुतेक जण इथेच अडकतात. रोज शूज घातले की घड्याळाशी स्पर्धा, कालपेक्षा आज १० सेकंद कमी आले पाहिजेत, आणि मग रोजचा रन ना धड हळू ना धड फास्ट, पाय कायम थकलेले आणि तीन महिने पेस (म्हणजे एका किमीला लागणारा वेळ) तिथेच. चारपैकी तीन दिवस इतकं हळू पळा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर स्पीड जास्त आहे. ५ किमी ३५ मिनिटांत म्हणजे तुमचा पेस ७:०० झाला, तर इझी रन ८:०० ते ८:३० ने करा, चढावर चालावं लागलं तरी चालेल. लोक पुढे निघून जातील, जाऊ द्या.

हळू पळून स्पीड कसा वाढणार असं सगळेच विचारतात, तर त्याचं कारण शरीरात आहे. अशा रनमध्ये हार्ट एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंभोवती बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, म्हणजे तोच पेस कमी दमात जमायला लागतो. याला आठवडे आणि महिने लागतात. आणि दुसरी गोष्ट, दम लवकर वाढतो पण हाडं आणि टेंडन (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) तयार व्हायला त्याहून बराच जास्त वेळ घेतात, म्हणूनच 'आता जमतंय' असं वाटायला लागतं तेव्हाच नेमकी नडगी किंवा टाच दुखायला सुरुवात होते.

मग रविवारचा लाँग रन

अंतर वाढवायचं ते याच एका दिवशी, बाकीचे रन ४-५ किमीचेच राहू द्या. मला आवडणारा दहा आठवड्यांचा क्रम असा: ५, ६, ७, मग ५, मग ७, ८, ९, मग ६, मग ९ आणि शेवटी १०. मधले कमी अंतराचे आठवडे आळसाचे नाहीत, शरीर त्याच आठवड्यात आधीचं काम पचवतं, ते अजिबात गाळू नका. एखादा आठवडा ताप-सर्दी, लग्नकार्य, दिवाळी यात गेला तर पुढच्या आठवड्यात दोन्ही मिळून भरपाई करू नका, मागच्याच अंतरापासून पुढे चला.

लाँग रनचा पेस इझीच. तासाभराच्या आतला रन असेल तर वाटेत खायची काही गरज नसते, निघायच्या अर्धा तास आधी एक केळं पुरतं. त्यापुढे गेलात आणि घाम खूप येत असेल तर नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घोट घोट घ्या.

स्पीड चौथ्या आठवड्यानंतर

सुरुवात स्ट्राइड्सने करा. इझी रन संपला की २० सेकंद छान मोकळं, फास्ट पण जीव न काढता पळायचं, मग मिनिटभर चालायचं, असं चार ते सहा वेळा. यातून पाय हलके पडायला शिकतात आणि थकवाही फारसा येत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी गुरुवारच्या रनच्या जागी इंटर्व्हल आणा. जिल्हा क्रीडा संकुलाचा ट्रॅक जवळ असेल तर उत्तम, आतल्या लेनचा एक राउंड ४०० मीटरचा असतो, नसेल तर सपाट रस्त्यावर घड्याळ लावून करा. १० मिनिटं हळू पळून वॉर्मअप, मग ४०० मीटर २:४० ते २:४५ मध्ये, मग २०० मीटर चाल, असं सहा वेळा. सहावा राउंड पहिल्याइतक्याच वेळात आला तर पेस बरोबर निवडलात, पहिला २:२५ आणि शेवटचा ३:०० आला तर पुढच्या वेळी सुरुवात हळू करा. एका आठवड्याआड याच्या जागी टेम्पो करा, ८ मिनिटं असा पेस की तीन-चार शब्दच बोलता येतील, ३ मिनिटं हळू, परत ८ मिनिटं. आठवड्यात असा कठीण दिवस एकच, दुसरा घुसवू नका.

कॅडन्सबद्दल, म्हणजे मिनिटाला किती पावलं पडतात त्याबद्दल थोडं, कारण घड्याळात १८० दिसलं नाही की लोक उगाच काळजी करतात. हा आकडा कोच जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजली तिथून आलाय, म्हणजे जगातले सगळ्यात फास्ट लोक आणि तेही रेसमध्ये. तुमचं १६० असेल तर पावलं थोडी आखूड करून १६५-१६८ करून बघा, गुडघ्यावरचा भार कमी होतो, तेवढं बास.

घरी आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) आणि पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, पोटऱ्यांसाठी यापेक्षा चांगला व्यायाम नाही. शूज साधारण ५०० ते ८०० किमी चालतात.

हवा आणि चढ

मुंबईत किंवा कोकणात दमट हवेत घाम वाळतच नाही त्यामुळे अंग थंड होत नाही आणि तेवढ्याच पेसला हार्ट रेट चढतो, त्या दिवसांत घड्याळ न बघता दमावर पळा. डिसेंबरमध्ये तोच पेस आपोआप सोपा वाटेल. पुण्यात असाल तर तळजाईची मातीची वाट इझी रनला फार छान. मुंबई मॅरेथॉनमधला पेडर रोड किंवा साताऱ्याचा यवतेश्वर घाट असे चढ करायचे असतील तर पेस सोडून द्या आणि दम सारखा ठेवा. घाटात खरी परीक्षा उताराची असते, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक मारत असतात आणि दोन दिवस जिने उतरता येत नाहीत, त्यामुळे उताराचा सराव थोडा थोडा आधीपासून करा.

दुखण्याचा नियम साधा ठेवा. दोन्ही पाय सारखे जड वाटणं चालतं, पण एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, पळताना वाढत असेल किंवा लंगडावं लागत असेल तर रन तिथेच थांबवा आणि आठवड्यात कमी झालं नाही तर फिजिओकडे जा.

१० किमीचा दिवस

आधीच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा. टार्गेट काढायची एक पद्धत आहे, ५ किमीच्या टाइमची दुप्पट करा आणि त्यात अडीच ते तीन मिनिटं वाढवा. समजा तोपर्यंत ५ किमी ३२ मिनिटांत येत असतील, तर १० साठी ६७ मिनिटांच्या जवळपास, म्हणजे ६:४० चा पेस. पहिले दोन किमी ६:५० नेच जा, गर्दीत कितीही लोक पुढे गेले तरी, मग आठव्यापर्यंत ६:४० आणि शेवटच्या दोनमध्ये जे उरलंय ते. नवीन शूज, नवीन मोजे, नवीन एनर्जी जेल त्या दिवशी काहीच नको. संपल्यावर दहा मिनिटं चाला, तासाभरात नीट जेवा, पुढचे तीन-चार दिवस फक्त चालणं आणि त्यानंतरचा पहिला रन ८:३० ने.