ग्राइंड सुरू करायच्या आधी हा हिशोब करून बघा

ऑनलाइन गेममध्ये लेव्हल किंवा एखाद्या वस्तूसाठी तेच ते राक्षस तासन्‌तास मारत बसणं म्हणजे ग्राइंड. "ग्राइंडिंग म्हणजे बिनपगारी नोकरी" असं म्हणणारे आणि "अरे दिवसभराचं डोकं त्यातच तर हलकं होतं" असं म्हणणारे, दोघंही प्रत्येक गिल्डमध्ये (एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात) सापडतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो एकच माणूस असतो, सोमवारी एक बोलतो नि शनिवारी दुसरं. त्यामुळे ग्राइंड चांगला की वाईट ह्यावर भांडत बसण्यात मला काही राम वाटत नाही. आत्ता तुमच्या समोर जो ग्राइंड आहे तो करायचा का, किती करायचा आणि कुठे थांबायचं, एवढं ठरवता आलं तरी खूप झालं, आणि ते बऱ्यापैकी कागद-पेनाने ठरवता येतं.

सगळ्यात आधी हे बघा की शेवटी हातात काय पडणार आहे. लेव्हल किंवा गिअर (हत्यारं, चिलखत) पाहिजे कारण त्याशिवाय मित्रांबरोबर रेडला, म्हणजे गटाने करायच्या मोठ्या लढाईला, घेत नाहीत, तर तो ग्राइंड म्हणजे नुसतं तिकीट. आणि तिकिटाला एक्सपायरी असते! वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या गेममध्ये नवीन एक्सपान्शन (गेमचा नवा मोठा भाग) आलं की जुन्या रेडमधून जिवाचं रान करून मिळवलेलं गिअर थोड्याच लेव्हलमध्ये साध्या क्वेस्टच्या (छोट्या कामगिरीच्या) गिअरपुढे फिकं पडतं, त्यामुळे एक्सपान्शन संपत आलेलं असताना गिअरसाठी रात्री जागवणं म्हणजे सरळ सरळ वेळ पाण्यात. त्याच वेळात माउंट (स्वारीचा प्राणी), टायटल (नावापुढची पदवी), ट्रान्समॉग (गिअरचं नुसतं रूप) असलं काही मिळवा, ते राहतं. उलट गिल्ड वॉर्स टू बघा, २०१२ पासून तिथे लेव्हल ८० च्या वर गेलेलीच नाही, एकदा वरच्या दर्जाचं गिअर केलं की ते वर्षानुवर्षं चालतं, तिथे गिअरसाठी घातलेले तास टिकतात. म्हणजे तोच कंटाळवाणा प्रकार एका गेममध्ये वाया जातो, दुसऱ्यात नाही. हे आधी चेक करा, पॅच नोट्स (अपडेटमध्ये काय बदललं त्याची यादी) वाचायला दहा मिनिटं लागतात.

आता हिशोब. एक तास टायमर लावून खेळा, सुरुवातीचा एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट) आणि शेवटचा एक्सपी लिहून ठेवा. ह्या तासात सगळं धरायचं, बँकेत जाणं, गिअर रिपेअर, मेलात तर परत चालत येणं, पार्टीत (बरोबर खेळणाऱ्यांत) कोणीतरी "एक मिनिट" म्हणून गायब होतो तेसुद्धा. गाइडवाले जो तासाचा रेट सांगतात तो टॉप गिअर घालून, डोळे न हलवता खेळणाऱ्याचा असतो, तुमचा त्याच्यापेक्षा बराच कमी येणार, आला तर वाईट वाटून घेऊ नका, पण पुढचं गणित स्वतःच्याच रेटने करा.

आणि एक्सपी बार दिसतो तसा नसतो हे लक्षात ठेवा. ओल्ड स्कूल रूनस्केपचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, तिथे एखाद्या स्किलच्या लेव्हल ९९ ला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतो आणि लेव्हल ९२ ला ६५,१७,२५३. म्हणजे ९२ ला पोचलात तेव्हा कुठे अर्धा रस्ता झाला! समजा तुमचा रेट तासाला ६० हजार आहे, तर शेवटच्या सात लेव्हलसाठी साधारण १०८ तास. रोज दोन तास धरले तर जवळपास दोन महिने. आकडा बघून "चालेल की" असं वाटलं तर खुशाल करा, पोटात गोळा आला तर आधीच्या एखाद्या लेव्हलला जे अनलॉक होतं तेवढ्यावर थांबा, ९९ झाल्यावर मिळणारा टोपी-झगा सगळ्यांनी घालायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय.

ड्रॉपचं, म्हणजे राक्षस मारल्यावर नशिबाने पडणाऱ्या वस्तूचं, गणित मात्र खरी माणसं खाते. एखाद्या बॉसचा (मोठ्या राक्षसाचा) ड्रॉप ४०० पैकी १ असेल तर बहुतेक जण धरून चालतात की ४०० वेळा मारला की मिळणारच. नाही मिळत! ४०० वेळा मारूनसुद्धा शंभरातले जवळजवळ ३७ जण रिकाम्या हाताने बसलेले असतात. निम्म्या लोकांना साधारण २७७ किलच्या आत मिळून जातो, त्यांचेच स्क्रीनशॉट गिल्ड चॅटमध्ये फिरतात आणि आपल्याला वाटतं आपलंच नशीब फुटकं. माझा साधा नियम असा आहे की जो रेट लिहिलाय त्याच्या तिप्पट किल धरायचे, तेवढ्यात शंभरातल्या ९५ जणांना मिळालेला असतो. इथे १,२०० किल. एका किलला सगळं धरून चार मिनिटं लागत असतील तर झाले ८० तास. ऐंशी तास त्याच बॉसचं तोंड बघायची तयारी आहे का, हा प्रश्न सुरू करायच्या आधी विचारायचा, साडेसातशेव्या किलला नाही. अजून एक, ३९९ वेळा नाही मिळाला म्हणून ४०० व्या वेळेला चान्स वाढत नाही, फासा मागचं काही लक्षात ठेवत नाही. काही गेममध्ये पिटी काउंटर असतो, ठरावीक प्रयत्नांनंतर वस्तू द्यायचीच असा, तिथे गोष्ट वेगळी, तिथे जास्तीत जास्त किती लागतील ते आधीच कळतं आणि निम्मं टेन्शन तिथेच जातं. आणि बक्षीस कधी येईल ते माहीत नसलं की माणूस जास्त चिकटून राहतो हे बी. एफ. स्किनरने कबुतरं आणि उंदरांवर प्रयोग करून केव्हाच दाखवलंय, गेम बनवणाऱ्यांना ते पाठ असतं, आपल्यालाही माहीत असलेलं बरं.

एवढं सगळं करून आकडे मोठे आले तरी ग्राइंड मजेचा असू शकतो बरं का, आणि ही गोष्ट "वेळ वाया" म्हणणाऱ्यांना कधीच पटत नाही. एखादा चांगला स्पॉट आठवा, गोलात सात राक्षस, पहिल्यापासून सुरुवात केली, सातवा पडेपर्यंत पहिला परत उभा राहतो, माना (जादूची ताकद) बरोबर शेवटच्या स्पेलला संपतो आणि चालता चालता पुढच्यासाठी भरतो, एक पाऊल वाया जात नाही. हे जमेपर्यंत जी खटपट असते, कोणाला आधी ओढायचं, कुठला कूलडाउन (परत वापरायला वेळ लागणारी चाल) कोणासाठी राखायचा, त्यात खरी मजा आहे. एकदा रूट बसला की ती मजा उतरायला लागते, हे मी स्वतःच्या बाबतीत नेहमी बघतो, म्हणून रूट पाठ झाला की थोडा कमी एक्सपी मिळाला तरी चालेल पण स्पॉट बदला.

दुसरी मजा माणसांची. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये माना भरायला कॅरेक्टर चक्क जमिनीवर बसवून वाट बघावी लागायची, त्या रिकाम्या वेळात लोक गप्पा मारायचे आणि तिथल्या ओळखी पुढे वर्षानुवर्षं टिकल्या. आज सगळं फास्ट झालंय, ऑटोप्लेवाल्या मोबाइल गेममध्ये तर कॅरेक्टर स्वतःच मारत फिरतं नि आपण नुसतं बघायचं, मग गप्पा कोणाशी आणि कशाला.

मजा आहे का ते तपासायचं असेल तर एक संध्याकाळ सेटिंगमध्ये जाऊन एक्सपी बार लपवा, जिथे लपवता येत नाही तिथे त्यावर कागदाची पट्टी चिकटवा, हसू नका. बार न दिसताही तासभर खेळलात तर तुम्हाला ते खेळणं आवडतंय. दहा मिनिटांत पट्टी काढून बघावंसं वाटलं तर आवडतोय तो आकडा. दुसऱ्या स्क्रीनवर सिरीज लावून ग्राइंड करत असाल तर तेही ठीक, पण मग ते कामच आहे, त्याचे तास कामासारखे मोजा.

पैसे देऊन शॉर्टकट मारायचा विचार असेल तर थोडक्यात, बॉट (आपल्याऐवजी खेळणारा प्रोग्रॅम) आणि बाहेरून गोल्ड (गेममधले पैसे) घेणं विसरा, अकाउंट बॅन झालं की सगळेच तास गेले. गेमने स्वतः दिलेली सोय असेल, जसं खऱ्या पैशांत घेऊन गेममध्ये गोल्डला विकायचं वॉरक्राफ्टचं टोकन २०१५ पासून आहे, तर तो तुमचा प्रश्न. फक्त डायब्लो थ्रीचं काय झालं ते आठवा, तिथे ऑक्शन हाऊसमधून भारी गिअर विकत मिळायला लागलं आणि राक्षस मारून लूट मिळवायची मजाच गेली, शेवटी कंपनीने मार्च २०१४ मध्ये ते बंद केलं. आणि गिल्डसाठी मटेरियल गोळा करत असाल तर बँकेतून कोण काय उचलतं ते अधूनमधून बघत जा, नाहीतर आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

थांबायचं कुठे ते सुरू करायच्या आधी लिहून ठेवा. "आज ३० किल" किंवा "साडेदहापर्यंत", दोन्हीपैकी जे आधी येईल ते. मध्ये बसून ठरवलेलं काही खरं नसतं, "अजून एकच" ला अंत नाही. बरेच दिवस घातलेत म्हणून सोडवत नसेल तर स्वतःला विचारा, हा ग्राइंड आज शून्यापासून सुरू करायचा असता तर केला असता का, नाही असेल तर आधीचे तास परत येणार नाहीत, पुढचे तरी वाचवा. डेली क्वेस्टचंही तेच, चुकली तर चुकली. फायनल फँटसी फोर्टीनचे प्रोड्युसर नाओकी योशिदा स्वतः खेळाडूंना सांगतात की करण्यासारखं काही उरलं नाही तर सबस्क्रिप्शन थांबवा, दुसरे गेम खेळा, नवा पॅच आला की या. आणि झोप, अभ्यास, काम सगळं बिघडतंय आणि तरी थांबता येत नाहीये, महिनोन्‌महिने, तर तो ग्राइंडचा प्रश्न राहत नाही, डॉक्टरांशी बोला, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये गेमिंग डिसऑर्डर ही रीतसर नोंद आहे.

वॉरक्राफ्ट खेळत असाल तर लॉगआउट करताना कॅरेक्टर शहरात किंवा सराईत (इनमध्ये) नेऊन उभं करा. तुम्ही नसताना रेस्टेड एक्सपी जमत राहतो, दर आठ तासांना लेव्हलच्या ५ टक्के, जास्तीत जास्त दीड लेव्हल, आणि तो संपेपर्यंत राक्षस मारल्याचा एक्सपी डबल मिळतो. बीटामध्ये (रिलीजच्या आधीच्या चाचणीत) हेच उलटं होतं, जास्त वेळ खेळलं की एक्सपी अर्धा व्हायचा, लोक वैतागले, मग त्यांनी त्यालाच विश्रांतीचा बोनस म्हणून फिरवून दिलं आणि सगळे खूश. तर दोन कॅरेक्टर ठेवा, एकाचा रेस्टेड संपला की त्याला सराईत झोपवा आणि दुसरा काढा, किंवा दोघांनाही झोपवा, दहा दिवसांनी या, तोपर्यंत पूर्ण भरलेला असतो.