सात किलो आणि एक शबनम

विमानात हातात न्यायची केबिन बॅग भरायची असेल तर सगळ्यात आधी रिकामी बॅग काट्याला लावा. भरलेली नव्हे, रिकामी. मावशीची अमेरिकेची तयारी करून द्यायला मी ठाण्याला गेले, तेव्हा पलंगावर तिची जांभळी ट्रॉली ऐटीत उभी होती. चार चाकांची, कडक पाठीची, लेकाने दिवाळीत घेऊन दिलेली. काट्याच्या आकड्याला अडकवून उचलली तर ३ किलो १०० ग्रॅम. प्रवास मुंबई–दुबई–शिकागो, काम सुनेच्या बाळंतपणाचं आणि केबिनमध्ये परवानगी सात किलोची. म्हणजे आत रुमालसुद्धा न ठेवता जवळजवळ निम्मं वजन संपलेलं. मावशी म्हणाली, "अगं, पण चाकं आहेत ना!" आहेत, पण काउंटरवरच्या काट्याला त्यांचं कौतुक नाही. शेवटी माळ्यावरून काकांची जुनी कापडी बॅग काढली, साडेआठशे ग्रॅमची. जांभळी ट्रॉली घरीच राहिली, आणि मावशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी तुटक बोलत होती.

घरी हातकाटा नसेल तर साध्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा. शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक पडतो, म्हणून सातची मर्यादा असेल तर साडेसहालाच थांबा. टेपही हाताशी ठेवा. आपल्याकडे बहुतेक कंपन्या लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटर धरतात, म्हणजे साधारण ५५ × ३५ × २५, आणि त्यात चाकं नि मूठ दोन्ही आले. दुकानात 'केबिन साइज' लिहिलेली बॅग कुणाच्या केबिनच्या साइजची असते कोण जाणे, आपण आपली मोजून घ्यावी. बाहेरचा कप्पा फुगवला की पंचविसाचे तीस कधी झाले कळत नाही.

मग तिकीट उघडा आणि कंपनीचा नियम वाचा. शेजारच्या जोशीकाकू काय घेऊन गेल्या होत्या, ते विचारू नका. त्यांची कंपनी वेगळी असणार. देशांतर्गत इंडिगोने जात असाल तर ७ किलोची एक बॅग आणि शिवाय पर्स किंवा लहान लॅपटॉप बॅग, ३ किलोपर्यंत. एमिरेट्सच्या इकॉनॉमीत ७ किलोची एकच बॅग. लुफ्तान्सा ८ किलो देते. एअर फ्रान्स मोठी आणि छोटी मिळून १२ किलो धरते. ब्रिटिश एअरवेज मात्र दोन्ही नगांना प्रत्येकी २३ किलो म्हणते, फक्त बॅग आपली आपल्याला वर उचलून ठेवता आली पाहिजे, आणि सत्तरीच्या माणसाला तेवीस किलो डोक्यावर उचलायला लावणं हा नियमाचा नव्हे, अकलेचा प्रश्न आहे. युरोपात फिरताना रायनएअरसारखी स्वस्त कंपनी घेतलीत तर फुकटात फक्त सीटखाली मावणारी पिशवी, ४० × ३० × २०. ट्रॉलीचे पैसे वेगळे. अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासात युनायटेडचं सगळ्यात स्वस्त, 'बेसिक इकॉनॉमी' तिकीट असेल तर तिथेही तेच, छोटी पिशवी तेवढी चालते. हे आकडे कंपन्या बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहा. आणि दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं जोडून घेतली असतील तर त्यातला जो कडक नियम, तोच तुमचा नियम.

भारतातून निघताना 'हातात एकच बॅग' हा सुरक्षेचाही नियम आहे, नुसता कंपनीचा नाही. त्याला ठरलेले अपवाद आहेत: बायकांची पर्स, लॅपटॉप, ओव्हरकोट किंवा शाल-रग, छत्री किंवा काठी, वाचायला पुस्तक-मासिक, तान्ह्या बाळाचं खाणं. म्हणून शाल बॅगेत कोंबू नका, खांद्यावर घ्या. विमानात ती लागतेच.

आता शबनम. या सगळ्या तयारीतली माझ्या मते हीच एक गोष्ट अशी आहे की जी चुकवू नये. केबिन बॅगेतच, अगदी वरती, चटकन काढून घेता येईल अशी एक छोटी कापडी पिशवी ठेवायची आणि जे जे हरवलं तर आपलं अडेल ते सगळं त्या एकाच पिशवीत. कारण केबिन बॅग शेवटपर्यंत तुमच्याजवळ राहील याची खात्री नसते. विमान भरलेलं असलं की गेटवर गोड आवाजात विचारतात, "मॅडम, ही बॅग खाली पाठवू का? चार्ज नाही." कधी विचारतही नाहीत. पंख्याच्या छोट्या एटीआर विमानात तर वरचे कप्पे एवढेसे असतात की चाकांची बॅग शिडीपाशीच ठेवून घेतात.

माझीच बॅग अशी शिडीपाशी घेतली. मागे रांग, पुढे हात केलेला माणूस, मी मुकाट्याने दिली. रात्री साडेअकराला पुण्यात पट्ट्यापाशी उभी राहिले, पट्टा थांबला, बॅग आली नव्हती. घराच्या किल्ल्या तिच्यात, दुसरा जोड साताऱ्याला आईकडे. फोन चार टक्क्यांवर आणि चार्जरही बॅगेतच. ती रात्र शेजाऱ्यांच्या सोफ्यावर काढली. बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी घरपोच आली, किल्ल्यांसकट. तेव्हापासून शबनम.

मावशीच्या शबनममध्ये काय घातलं ते सांगते, यादी जवळपास सगळ्यांना लागू पडेल. पासपोर्ट, तिकिटाचा छापील कागद, आणि एका जाड कागदावर लेकाचा पत्ता व फोन मोठ्या अक्षरात. फोनमध्ये आहे हे खरं, पण फोन बंद पडल्यावर नाही. चष्म्याचा दुसरा जोड. अंगावर नसतील ते दागिने. चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर देऊन टाकायच्या, बॅगेत सोनं कधीच नको. पेन, किल्ल्या, थोडे डॉलर. औषधं मात्र सविस्तर. मावशीने बीपीच्या गोळ्या आठवड्याच्या प्लॅस्टिक डबीत सुट्या करून भरल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ कप्प्यांसकट, मोठ्या हौसेने. त्या परत पाकिटांत घातल्या. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच असू द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचं मूळ नाव लिहिलेली, कारण आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळत नाही. निदान पंधरा दिवसांचा साठा हातात हवा. इन्सुलिन तर हातातच, खाली सामानात गोठायचा धोका असतो.

पॉवर बँकही शबनममध्येच. ती चेक-इनला टाकायला जगभर बंदी आहे. लिथियमची बॅटरी पेटली तर ती माणसांच्या नजरेसमोर पेटावी, सामानाच्या पोटात नव्हे, एवढंच त्यामागचं कारण. म्हणूनच गेटवर बॅग खाली जाणार असेल तर पॉवर बँक आधी बाहेर काढावी लागते, आणि ती तळाशी लाडवांच्या डब्याखाली असली की मागची रांग तुमचा उद्धार करते. क्षमता १०० वॉट-अवरपर्यंत चालते. पॉवर बँकेवर बहुधा एमएएच लिहिलेलं असतं, त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागायचं: २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, निवांत. २७,००० च्या पुढे गेलात की मर्यादा ओलांडली. छापलेला आकडा पुसला गेला असेल तर अडवू शकतात, मग दुसरी घ्या. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक, तीही विमानात वापरायची नाही आणि वरच्या कप्प्यात ठेवायची नाही असा नियम केला. तेव्हा फोन घरून पूर्ण चार्ज करून निघा.

द्रवांचं बहुतेकांना माहीत असतं, पण अर्धवट. १०० मिलीची बाटली, सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये पेयांच्या बाटल्यांतून स्फोटकं न्यायचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हे सुरू झालं. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे आता सैल झालंय, तरी वाटेत विमान बदलणार असाल तर शंभरच धरा. दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, मोजतात ती बाटली, आतला माल नाही. दोनशे मिलीच्या बाटलीत तळाला दोन बोटं तेल असलं तरी ती काढून घेतात. दुसरं, द्रव म्हणजे पाणी नव्हे. जे सांडतं, पसरतं, फासता येतं ते सगळं द्रव: तूप, मध, साखरांबा, छुंदा, लोणचं, गुलकंद, टूथपेस्ट, डब्यातला बाम. मावशीचं साजूक तूप आणि कैरीचं लोणचं चेक-इनला गेलं, तीन पिशव्यांत गुंडाळून. पाण्याची बाटली रिकामी न्या, तपासणी झाली की आत भरून घ्या.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी पुड्यांचं वेगळं आहे. २०१८ पासून ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातात असेल तर ती वेगळी तपासतात आणि शंका आली तर ठेवून घेतात. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, सुंठ, सगळं खाली पाठवा. डिंकाचे लाडू घट्ट असतात, ते हातात चालतात, पण आमच्या लाडवांत एक भानगड होती: खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते आणि तिकडे हा विषय हसण्यावारी नेत नाहीत. विमान नुसतं दुबईत बदलायचं असलं तरी ही जोखीम घेण्यात अर्थ नाही. मावशीने लाडू पुन्हा केले, बिनखसखशीचे. अनारसे आणि करंज्या नेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

आणि नारळ. ओटीचा नारळ मावशीने शेवटी मोठ्या कष्टाने बाहेर काढला. अख्खा नारळ केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. शबरीमलाला जाणाऱ्यांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ नेता यावा म्हणून २०२४ मध्ये सरकारला खास सवलत जाहीर करावी लागली होती, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंतची, यावरून काय ते समजा. सुक्या खोबऱ्याची वाटी तर हातातही नको आणि खालच्या सामानातही नको, तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरतात. कापराचंही तेच, दोन्हीकडे बंदी. काडेपेटी आणि लायटर घरीच. पूजेचा डबा उचलून तसाच बॅगेत टाकायची सवय असेल तर तो उघडून एकेक वस्तू पाहा. काकांचा अडकित्ता आणि मावशीच्या विणायच्या सुया चेक-इनला टाका. सुयांवरून कुणी वाद घालेल न घालेल, पण विमान पकडायचंय, वाद नाही. ताजा कढीपत्ता आणि आंबेमोहोर तांदूळ कुठल्याच बॅगेत नको, अमेरिकेच्या कस्टममध्ये दोन्ही काढून घेतात. बाकी खाण्याचं जे आहे ते विचारतील तेव्हा सरळ सांगून टाकावं.

अंगावर काय घालाल त्याचं वजन कुणी करत नाही. जाड स्वेटर, जड बूट, खिशांचं जाकीट अंगावरच. काकांच्या जाकिटात चष्मा, सुपारीची डबी आणि एक पुस्तक असं आरामात गेलं. व्हीलचेअर मागवली असेल, आणि बरेच आईवडील मागवतात, कारण सोबत माणूस मिळतो, तर बॅग मांडीवर येते हे लक्षात ठेवा. तिथेही कापडीच बरी.

भरायचा क्रम तपासणीच्या उलटा. ट्रेमध्ये जे काढायला लावतात, म्हणजे लॅपटॉप, टॅबलेट, चार्जर, वायरींचं भेंडोळं, पॉवर बँक, द्रवांची पिशवी, ते सगळ्यात शेवटी, वरती. मधे एक कपड्यांचा जोड, कारण मोठ्या बॅगा एखादा दिवस उशिरा येऊ शकतात. खाण्याचे डबे तळाला.

आणि निघायच्या दिवशी सकाळी काटा पुन्हा लावा. रात्री मी स्वतः वजन केलं तेव्हा सहा किलो चारशे भरली होती. सकाळी सात किलो दोनशे. मावशी देवघराकडे तोंड करून उभी होती. बॅग उघडली तर कपड्यांच्या घडीत सांडगी मिरचीची पुडी, तिच्याखाली चांदीचं वाळं-बिंदलं आणि दुपट्याची गुंडाळी. वाळं-बिंदलं शबनममध्ये गेलं, दुपटं शालीबरोबर खांद्यावर. मिरच्या काकांनी न बोलता उचलल्या आणि चेक-इनच्या बॅगेचं कुलूप परत उघडलं.