कॉन्टेसाची डिस्क लेथवर न्यायची घाई आणि इतर चुका

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी काकांची कॉन्टेसा (हिंदुस्तान मोटर्सची जुनी कार) सात वर्षं खताच्या गोदामात उभी होती. बाहेर काढली तेव्हा पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक डिस्क (ज्यांना पॅड चिमटून चाक थांबवतात त्या चकत्या) गंजून लालभडक. मी त्याच आठवड्यात त्या लेथवर नेल्या, चकचकीत करून आणल्या. तरी ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली थरथरायचं. पुन्हा फेसिंग (लेथवर पृष्ठभाग तासून सपाट करणं) केलं, तरी तेच. दुसऱ्या फेसिंगनंतर एक डिस्क किमान जाडीच्या खाली गेली आणि भंगारात टाकावी लागली. दोष त्या डिस्कमध्ये नव्हताच. ती ज्या हबवर (चाकाच्या मधल्या फिरत्या भागावर) बसते त्याच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा होता, तो मी साफच केला नव्हता.

आपल्या कॉन्टेसाला पुढे डिस्क आहेत. पण ही गाडी २००२ मध्ये बंद झाली आणि तिचे सुटे भाग आता शोधत फिरावे लागतात. म्हणून लेथवर एक मिलिमीटर घालवण्याआधी एक तास मोजण्यात घालवा.

न मोजताच फेसिंग करणं

आधी चाक उचला. काळ्या मातीत जॅक थेट टेकवू नका, खाली जाड फळी आणि शेजारी स्टँड हवाच. चाक वर-खाली हलवून बेअरिंगचं प्ले बघा. ते ढिलं असेल तर पुढची सगळी मापं खोटी येतात. मग डिस्क काढून हबचं तोंड आणि डिस्कची आतली बाजू तारेच्या ब्रशनं धातू दिसेपर्यंत घासा. हबवरचा केसाएवढा गंज डिस्कच्या कडेला पोचेपर्यंत जास्तच डुलतो.

डिस्क परत बसवून नट वॉशर घालून सारखे आवळा. कडेपासून साधारण १० मिमी आत डायल गेज (बारीक हालचाल सुईवर दाखवणारं माप) टेकवा आणि हातानं एक फेरा द्या. ०.०५ मिमीच्या आत डुलत असेल तर छान, ०.१० च्या वर असेल तर कारण शोधा. तुमच्या गाडीचं मॅन्युअल हाती असेल तर त्यातलाच आकडा धरा. डिस्क हबपासून सुटी होत असेल तर ती एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजा. उंच जागा डिस्कसोबत सरकली तर दोष डिस्कचा. जागच्या जागी राहिली तर हबचा, आणि तिथे कितीही फेसिंग केलं तरी उपयोग नाही.

जाडी मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी घ्या. व्हर्नियर बाहेरच्या उंच कडेवर टेकतो आणि डिस्क आहे त्याहून जाड दाखवतो. एका फेऱ्यात जाडी ०.०२ मिमीनंही बदलली तर पायाला थरथर जाणवू शकते. डुलणारी डिस्क पहिल्या दिवशी गप्प असते. पण प्रत्येक फेऱ्यात तीच जागा पॅडला घासत राहते आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथे पातळ होते. म्हणूनच 'नवीन असताना बरी होती' असं लोक सांगतात.

फेसिंग करायचंच ठरलं तर दोन्ही बाजू एकाच बांधणीत आणि शक्यतो स्वतःच्याच हबवर बांधून करा. डिस्कवर कोरलेली किमान जाडी लेथवाल्या दादांना आधी दाखवा. तडा गेलेली किंवा खोल खड्डे पडलेली डिस्क वाचवू नका.

गंज चुकीच्या पद्धतीनं काढणं

संडास साफ करायचं ॲसिड डिस्कवर ओतलेलं मी पाहिलंय. गंज जातो, पण ॲसिड बारीक फटींत राहतं आणि दोन दिवसांत डिस्क पुन्हा लाल होते. त्यापेक्षा डिस्क धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, बॅटरी चार्जरची उणे तार डिस्कला आणि अधिक तार त्याच पाण्यातल्या साध्या लोखंडाच्या पट्टीला जोडून, उघड्यावर गंज काढा. पट्टी स्टेनलेसची नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं.

आमच्यासारख्या खारपाणपट्ट्यात (जिथे जमिनीतलं पाणी खारट असतं) शेवटची खळबळ विहिरीच्या पाण्यानं देऊ नका, पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. गाडी पोटॅशच्या पोत्यांजवळही ठेवू नका. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्याची धूळ ओल धरते आणि लोखंड खाते. काकांच्या गाडीचं तेच झालं.

रॉकेलनं पुसून लगेच पॅड लावणं

रॉकेल आणि डिझेल तेलाचा थर मागे ठेवतात. साबणाच्या पाण्यानं ब्रशनं घासा म्हणजे फेसिंगची बारीक लोखंडी पूड निघते, कोरडी करा, मग ब्रेक क्लीनर. जुन्या पॅडची धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानंच टिपा. कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) होजला, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीला, लटकता ठेवू नका, तारेनं बांधा.

नवे पॅड डिस्कवर घासून जमवून न घेता गाडी पळवणं

पहाटे रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये थोडं थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून उभं राहू नका. पॅडचा ठसा उमटतो आणि लोक म्हणतात डिस्क वाकली.

फेरी संपल्यावर एकाच बाजूची डिस्क जास्त तापली असेल तर चाक उचलून फिरवून बघा. अडकत असेल तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) थोडा उघडा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकलाय, म्हणजे होज किंवा मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) बघा. तरीही अडकलेलंच राहिलं तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत.