रॉ फोटोशेजारची एक्सएमपी फाइल

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले कच्चे) फोटो काढले, घरी येऊन पसंतीचे तारे दिले, कीवर्ड लिहिले, रंग सुधारले. यातलं काहीच रॉ फाइलमध्ये जात नाही. निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर२, सोनीची एआरडब्ल्यू या रॉ फाइलींची आतली मांडणी कॅमेरा कंपनीची असते, म्हणून सॉफ्टवेअर तिला सहसा हात लावत नाही. शेजारी काही केबींची .एक्सएमपी फाइल ठेवतं आणि ही माहिती तिच्यात लिहितं; तिला साइडकार म्हणतात. जेपेग, टिफ आणि डीएनजी (अडोबीचा खुला रॉ प्रकार) यांमध्ये मात्र अडोबीचं लाइटरूम ही माहिती फाइलच्या आतच लिहितं.

लाइटरूम क्लासिकमध्ये कॅटलॉग सेटिंग्ज, मग मेटाडेटा, तिथे एक्सएमपीत आपोआप लिहिण्याच्या पर्यायावर टिक करा. नाहीतर फोटो निवडून कंट्रोल+एस. कलेक्शन (फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या संस्कारांच्या नोंदी) एक्सएमपीत जात नाहीत, तेव्हा कॅटलॉगचा, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीचा, बॅकअप वेगळा घ्याच.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. लाइटरूम 'डीएससी_४५१२.एक्सएमपी' असं नाव देतं, तर डार्कटेबल हे दुसरं फोटो सॉफ्टवेअर 'डीएससी_४५१२.एनईएफ.एक्सएमपी' असं. डिजिकॅम हे फोटो सॉफ्टवेअरही मूळ नावापुढेच जोडतं, पण त्याच्या साइडकार सेटिंगमध्ये लाइटरूमसारखं नाव देण्याची सोय आहे. दोन सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यांची नावाची पद्धत जुळते का ते आधी पाहा. नाहीतर एकाने दिलेले तारे दुसऱ्याला दिसतीलच असं नाही. लहान नावाचा तोटा असा की एकाच नावाच्या रॉ आणि जेपेगला मिळून एकच साइडकार उरते.

फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा, साधं एक्सएमएल आहे. प्रत्येक नोंदीला घराण्याचं नाव असतं: कॅप्शन-कीवर्ड 'डीसी'खाली, तारे 'एक्सएमपी'खाली, अडोबीचे रंगसंस्कार 'सीआरएस'खाली, डार्कटेबलचे त्याच्या स्वतःच्या नावाखाली. म्हणूनच एकाच फाइलमध्ये सगळे नांदतात आणि आपल्यालाही नवं घराणं जोडता येतं. समजा, सात नंदीध्वजांपैकी फोटोत कितवा आहे तो क्रमांक नोंदवायचा आहे. एक्झिफटूल या फोटोतली माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या साधनाच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्वतःचं नेमस्पेस (म्हणजे घराणं), त्याचा वेबपत्ता आणि फील्ड लिहा. पत्त्यावर वेबसाइट असायलाच हवी असं नाही, पण तो दुसऱ्या कुणाचा नको आणि एकदा ठरवला की बदलू नका. आधी एका प्रतीवर नोंद करा, मग लाइटरूममध्ये तारे बदलून सेव्ह करा आणि नोंद टिकली का ते नोटपॅडमध्ये तपासा.

हार्ड डिस्कवर हलवताना फक्त एनईएफ निवडू नका, अख्खं फोल्डर न्या. नाव बदलायचं तर सॉफ्टवेअरमधूनच बदला. एक्सप्लोररमध्ये फक्त रॉचं नाव बदललं की जोडी तुटते.