कॅम्परच्या बॅटरीची वायर तापतेय? आधी नेमकी कुठे तापतेय ते बघा

ट्रॅव्हलर व्हॅनचा कॅम्पर (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) करून घेतला, सीटखाली बॅटऱ्या, हजार वॅटचा इन्व्हर्टर, आणि शेवभाजीचा मसाला मिक्सरला फिरवायला घेतला की बॅटरीची वायर चटका देते, जळकट वास येतो, पण फ्यूज काही उडत नाही. मग लोक म्हणतात फ्यूज शाबूत म्हणजे सगळं ओके. नाही ना भो! फ्यूजला फक्त करंट कळतो. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली तांब्याची कडी) ढिली असली तर करंट काही एवढा वाढत नाही, गरमी सगळी त्या जॉइंटला होते आणि प्लास्टिक वितळलं तरी फ्यूज जागच्या जागी.

हिशोब सोपा आहे. १२ व्होल्टवर १००० वॅट म्हणजे ८३ अँपिअर, इन्व्हर्टरचा लॉस धरला तर ९५ च्या आसपास, घरी २३० ला हेच काम साडेचार अँपिअरच्या आत होतं. १०० अँपिअरला जॉइंटमध्ये नुसता एक मिलिओहम रेझिस्टन्स आला तरी १० वॅट गरमी त्या बोटभर जागेत.

आता चेक कसं करायचं. पाचेक मिनिटं लोड (म्हणजे मिक्सर वगैरे) चालवा, मग लोड बंद करून हात लावा (आधी जवळ नेऊन बघा, डायरेक्ट पकडू नका). टोकालाच गरम आणि पुढे थंड, तर जॉइंट खराब. पूर्ण वायर सारखी गरम, तर वायर बारीक पडतेय. आणि बॅटरीच गरम असेल, फुगली असेल, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर चार्जर बंद करा, दारं उघडा, आणि तिथे पाना घालू नका, एक ठिणगी पुरते.

खरी गंमत मल्टिमीटरची. लोड चालू ठेवून डीसी २ व्होल्ट रेंजला एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरा थिंबलच्या तांब्यावर. दहाच्या आत मिलिव्होल्ट असेल तर चिंता नाही, ५०-१०० दिसले तर चोर तिथेच आहे. असंच फ्यूज होल्डर, कट-ऑफ स्विच, इन्व्हर्टरचं टर्मिनल सगळीकडे. निगेटिव्ह पण बघा, तिकडे कोणी बघतच नाही, आणि बॉडी अर्थिंग (निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडतात ते) बऱ्याचदा रंगावरच आवळलेलं असतं.

काम करताना इन्व्हर्टर, चार्जर, सोलर बंद, अंगठी-कडं काढून ठेवा, आधी निगेटिव्ह काढा, लावताना निगेटिव्ह शेवटी. पांढरं-हिरवं साचलं असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून पुसा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका, मग पॉलिश पेपर मारा. थिंबल थेट टर्मिनलला टेकली पाहिजे, वॉशर तिच्या वर. मध्ये स्टीलचा वॉशर घातलेला असतो कित्येक गाड्यांत, करंट त्याच्यातूनच जातो मग तापणारच. हातोडीने ठोकलेली थिंबल दिसली तर कापून टाका, हायड्रॉलिक टूलने नवीन दाबून घ्या.

वायर बारीक असेल तर १६ स्क्वेअर एमएमची जाऊन-येऊन ४ मीटर वायर १०० अँपिअरला ४०-४५ वॅट गरमी खाते, ३५ ची टाकली तर २० च्या आसपास. वेल्डिंगची केबल चालते, पण तांब्याचीच बघून घ्या, अ‍ॅल्युमिनियमची पण मिळते आणि काहींत वरून नुसता तांब्याचा मुलामा असतो, चाकूने खरवडून आत पांढरं दिसलं तर परत द्या. आणि आपल्याकडचं ऊन विसरू नका. ७० डिग्रीच्या पीव्हीसी वायरचं रेटिंग (किती करंट झेपतो ते) साधारण ३० डिग्री हवेला धरतात, ५० ला ते ७१ टक्क्यांवर येतं. मे महिन्यात भुसावळला बंद गाडी उन्हात उभी केली तर सीटखालच्या पेटीत ५० सहज होतात, म्हणून रेटिंगच्या टेबलमध्ये बघून जेमतेम बसेल अशी वायर घेऊच नका.

फ्यूज वायरच्या साईझने ठरतो, बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच बसवा, उडतो म्हणून मोठा टाकू नका.

सगळं आवळून झालं की परत लोड लावून तेच मिलिव्होल्ट मोजा, आणि तोरणमाळचा घाट चढून-उतरून आलात की नट एकदा तपासा, हादऱ्याने ढिले पडतात. तरीही फ्यूज होल्डरच तापत असेल तर साफ करत बसू नका, बदलून टाका.